गाठोड्यातली ऊब

"थंडे पडले म्हंजे मेलेच, असं नसते भाऊ," बिरजू म्हणाला. "गरम करून पाह्यले होते का?"

त्यानं मानसुद्धा वर केली नाही. त्याचा एक हात दाण्याच्या पोत्यात कोपरापर्यंत बुडालेला होता आणि नजर काट्यावर होती. चंद्रपूरच्या बाजारातलं ते दुकान इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्यानं पायरीवर थांबावं. कोंबड्यांचं खाद्य, कुत्र्यांचे पट्टे, माशांच्या काचेच्या पेट्या, वर टांगलेल्या पिंजऱ्यांत चोची घासणारी पाखरं, आणि या सगळ्यांचा मिळून एक कोंदट उग्र वास. हरिदास दुर्गे त्या वासात पाकिटातली नोट अर्धी बाहेर काढून उभा होता. त्यानं सहजच सांगितलं होतं. सशाच्या मादीनं रविवारी पिल्लं दिली, थंडीनं सगळी गेली, एवढंच. वजन होईपर्यंत दुकानदाराशी काहीतरी बोलायचं म्हणून माणूस बोलतो, तसं. बिरजूही तसाच बोलत होता. पिल्लांच्या अंगावर केस नसतात, गोट्यासारखी गार पडतात, हालत नाहीत, श्वास दिसत नाही. हातात धरायची, पोटाशी लावायची, सदऱ्याच्या आत ठेवायची. कधी कधी अर्ध्यापाऊण तासानं तोंड उघडतात. त्याच्याकडे अशी कितीतरी परतली होती. "गरम होऊन बी हाललं नाई, तवा मेलं म्हणाचं," असं म्हणून त्यानं पिशवीला गाठ मारली आणि हरिदासच्या खांद्यावरून पलीकडच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारलं.

बाहेर येऊन हरिदासनं पिशवी मोटरसायकलच्या हँडलला अडकवली, किल्ली लावली आणि तसाच बसून राहिला. रस्त्यापलीकडे एक बाई बोरांचा ढीग मांडून बसली होती आणि आलेल्या प्रत्येकाला आधी एक चाखायला देत होती. तो तिच्याकडे बघत होता. दुपारचं ऊन होतं, पण त्यात जोर नव्हता. आठवडाभर अशीच थंडी होती. लोक उन्हाच्या बाजूनं चालत होते. त्याला वाटलं, आता गाडी सुरू करावी. पाय किकवर गेलाही, पण तिथंच थांबला. गरम करून पाह्यले होते का? नव्हते पाहिले. तसं काही करायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. सकाळी पिंजऱ्याशी गेला, पिल्लं जाळीवर पसरलेली दिसली, एकाला बोट लावलं तर ते लोखंडाइतकं गार लागलं, आणि मेलं असं तो धरून चालला. सगळ्यांना बोट लावलं का? आठवत नव्हतं. बहुतेक नाही. मग पुरलं काय, हा प्रश्न मनात उभा राहायच्या आत त्यानं किक मारली.

पडोलीवरून घुग्घुसकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग लागलेली होती. त्यांच्या मागून तोंडाला रुमाल बांधून जाताना त्याला तो रविवार पुन्हा दिसू लागला. वर्धा नदीवरचं धुकं खाणीच्या धुरात मिसळून क्वार्टरांवर उतरलं होतं, मागच्या अंगणातला पेरू नुसता काळसर डाग वाटत होता. ससे त्यानं दीड वर्षापूर्वी आणले होते, मुलगी करिष्मा नर्सिंग शिकायला नागपूरला गेली तेव्हा. घरात आवाज राहिला नव्हता. तो काट्यावरून, म्हणजे खाणीच्या वजनकाट्यावरून घरी यायचा, बायको नूतन ताट वाढायची, आणि भांड्यांना भांडी लागली तर तेवढाच आवाज. सशांचा तर आवाज नसतोच, पण त्यांच्याबद्दल बोलता यायचं. दोन माद्या होत्या. नूतननं एकीला पांढरी म्हटलं आणि दुसरीला भुरी. भुरी पहिलटकरीण. तिला पेटी ठेवली होती, पेटीत भाताचं तणस घातलं होतं, पण ती पेटीत गेलीच नाही. छातीचे केस उपटून मादी घरटं करते म्हणतात, तेही तिनं केलं नाही. उघड्या जाळीवरच व्याली आणि कोपऱ्यात जाऊन कान पाडून बसली. पिल्लं इतकी गुलाबी आणि नागडी होती, की बघणाऱ्याला आपलंच अंग उघडं पडल्यासारखं वाटावं. नूतन त्याच्या मागून येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग आत गेली, आणि थोड्या वेळानं चहा उतू गेल्याचा वास आला. त्यानं एक जुनी बनियन आणली, पिल्लं त्यात घेतली, पेरूच्या बुडाशी खड्डा केला. वरची माती कोळशाच्या भुकटीनं काळी होती, खालची लाल निघाली.

घरी आला तेव्हा अजून उजेड होता. दाण्याची पिशवी ओट्यावर ठेवून तो सरळ मागे गेला आणि खुरपी घेऊन पेरूच्या बुडाशी बसला. आपण हे का करतो आहोत, असं त्यानं स्वतःला विचारलं नाही. मातीवरून मांजर गेलं असावं, वरचा थर खरवडल्यासारखा होता. बनियन लागली. ओली झाली होती. त्यानं पदर उलगडावा तशी ती उलगडली. मुंग्या होत्या. पिल्लं होती तशीच होती, फक्त रंग गेला होता. एक मात्र बाकीच्यांपासून थोडं लांब होतं, बनियनच्या बाहीत शिरल्यासारखं. आपण ते तसंच ठेवलं होतं का? रविवारी सगळी एका मुठीत घेऊन ठेवली होती, की एकेक? त्यानं डोळे मिटून हाताला आठवू दिलं. हातालाही आठवलं नाही. माती ढकलताना सरकलं असेल. मांजरानं उकरताना सरकलं असेल. असेलच. तरी तो त्या बाहीकडे बघत राहिला. मागच्या दारात नूतन उभी होती. हाताला पीठ होतं, तळवे अंगापासून दूर धरलेले. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. त्यानं बनियन पुन्हा गुंडाळली, माती लोटली, पायानं नाही, हातानंच दाबली.

"हात धुऊन घ्या," ती म्हणाली. "गरम पाणी काढतो."

आणि गरम पाण्यात हात बुडवले तेव्हा, बोटांना ऊब लागली त्या क्षणी, ते गाठोडं त्याच्या हातात आलं.

ते त्याला कधी आठवत नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं ते एका सकाळचा भाग होऊन राहिलं होतं. धूर, दव, कापलेल्या तुरीची खुंटं, आणि गाठोडं. वेगळं असं त्याला काही अंग नव्हतं. करिष्माच्या आधीची गोष्ट. तेव्हा तो घुग्घुसला ठेकेदाराकडे रोजीवर होता, राहायला धड खोली नव्हती, म्हणून नूतन जिवतीच्या डोंगरात त्याच्या गावी, त्याच्या आईजवळ होती. कापूस वेचायला म्हणून तो सुटी घेऊन गेला आणि त्याच रात्री तिचं पोट दुखू लागलं. आठवा सुरू होता. गावातली एकुलती जीप लग्नाला गेलेली. त्याची आई, बायनाबाई, हिनं गावातल्या कितीतरी बाळंतिणी सोडवल्या होत्या. तिनं दार लावून घेतलं. तो आणि त्याचा काका नानाजी बाहेर शेकोटीशी बसले. डोंगरातली थंडी. समोरून भाजत होतं आणि पाठ बर्फ झाली होती. आतून बायकांचे आवाज येत होते, मग थांबले. रडणं ऐकू येईल म्हणून दोघांनी बोलणं थांबवलं होतं. ते येत नाही हे कळल्यावरही त्यांना पुन्हा बोलता येईना. मग कितीतरी वेळ गेला. उजाडता उजाडता दार उघडलं आणि आई बाहेर आली. तिच्या हातात तिच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं होतं. तिनं ते त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, उघडू नको, पाह्यलं का जीव गुंतते. त्यानं उघडलं नाही. नानाजी कुदळ घेऊन पुढं झाला, तो मागून चालला.

गाठोडं गरम होतं.

हे त्याला तेव्हाही कळलं होतं. शेकोटीवर हात धरले होते, त्याचीच ऊब हाताला असेल, असं त्याला वाटलं होतं, किंवा तसंही वाटलं नव्हतं. त्या सकाळी त्याला काही वाटतच नव्हतं. पण आता, मोरीत उभं राहून, पाणी निवत चाललं असताना, त्याच्या डोक्यात एक एक गोष्ट सरळ रांगेत येऊ लागली. शेकोटी घरापाशी राहिली. शेतावरून जाताना त्याचे पाय दवानं बधिर झाले होते. हाताची बोटंही वाकत नव्हती. नाल्याशी पोचल्यावर नानाजीनं बिडी पुढं केली तर त्याला ती धरता आली नव्हती. आणि तेव्हाही गाठोडं गरम होतं. अंगात ऊब असलेलं काहीतरी त्यानं नानाजीनं खोदलेल्या खड्ड्यात ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो काट्यावर गेला. भरलेला ट्रक चढतो, आकडा येतो. रिकामा परत येतो, आकडा येतो. एकातून दुसरा वजा. इतक्या वर्षांत त्याला ट्रक चढतानाच त्याचा भार डोळ्यांनी कळू लागला होता. पण त्या गाठोड्याचं वजन किती होतं, हे त्याला कितीही केलं तरी आठवेना. हलकं होतं का? हातात काहीच नसल्यासारखं वाटलं होतं का, की दोन्ही हात लागले होते? तो केबिनमध्ये दोन्ही हात समोर धरून बसला होता, तळवे वर, आणि काट्यावरचा ट्रक हॉर्न वाजवत होता. ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला, म्हणाला, भाऊ, पर्ची देता का झोपले? त्यानं पर्ची दिली. हात खाली घेतले. आणि तेवढ्यात त्याच्या उजव्या तळव्याला आतून काहीतरी टोचलं. लुगड्याच्या पदराआडून, टाचेसारखं काहीतरी, एकदाच.

हे खोटं होतं. गेल्या आठवड्यापर्यंत हे नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या सकाळी काही टोचलं नव्हतं. टोचलं असतं तर तो ओरडला असता, नानाजीला थांबवलं असतं, धावत सुटला असता. पण आता टोचलं होतं आणि ते काही केल्या जाईना. उलट दिवसागणिक त्यात भर पडत गेली. एका दुपारी डबा खाताना त्याला आठवलं की नाल्याची उतरण लागली तेव्हा गाठोडं किंचित आखडलं होतं. एकदा भाजी घेताना आठवलं की माती लोटताना आवाज आला होता, मांजराच्या पिल्लाचा येतो तसा, आणि नानाजी म्हणाला होता, टिटवी होय. नानाजी असं काही म्हणाला नव्हता. नानाजी तेव्हा एक अक्षरही बोलला नव्हता. पण आता तो म्हणू लागला होता, त्याच्या त्या घोगऱ्या आवाजात, अगदी खरा; आणि त्याला विचारावं तर तो जाऊन पाच वर्षं झाली होती. आईही गेली होती. तिला तर कितीदा विचारता आलं असतं! शेवटच्या आजारपणात महिनाभर ती याच क्वार्टरात होती, पुढच्या खोलीत खाटेवर, आणि तो रोज संध्याकाळी तिच्या पायांना तेल लावत बसायचा. तिनं काही सांगितलं नाही, त्यानं काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. मदतीला आलेल्या म्हाताऱ्या बायाही गेल्या होत्या. त्या रात्री दाराच्या आत असलेल्यांपैकी आता एकटी नूतन उरली होती.

तो तिच्याकडे चोरून बघू लागला. ती कणीक मळायची, कपडे वाळत घालायची, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावताना डोक्यावर पदर घ्यायची. इतक्या वर्षांत तिनं त्या रात्रीबद्दल एक शब्द काढला नव्हता. त्यानंही काढला नव्हता. तो नाल्यावरून परतला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पुढं दोन दिवसांनी तिला पान्हा फुटला, आणि आई तिच्या छातीला फडकं आवळून बांधत होती ते त्यानं कुडाच्या पलीकडून ऐकलं; आई म्हणत होती, सोस माय, आटते. तो तिसऱ्या दिवशी घुग्घुसला कामावर निघून आला. मग करिष्मा झाली, चंद्रपूरच्या दवाखान्यात, चांगली रडत रडत, आणि तिच्या रडण्यानं सगळं झाकलं गेलं, असं त्याला वाटलं होतं. नूतनला काय वाटलं होतं, ते तिनं सांगितलं नाही. तिला विचारायचं म्हणजे काय विचारायचं? तू आत होतीस, ते मेलं होतं का? आणि तिलाही ठाऊक नसलं तर? तर आता त्याच्या तळहातात जे टोचत होतं ते तिच्याही तळहातात देऊन टाकायचं, आणि मग दोघांनी उरलेलं आयुष्य एकमेकांसमोर बसून जेवायचं?

त्यानं करिष्माला फोन केला. तिच्या होस्टेलवर गडबड होती, मागं कुणीतरी गाणं लावलं होतं. थंडीनं गार पडलेलं लेकरू जितं आहे का मेलं, हे कसं वयखतात, असं त्यानं विचारलं. ती नुकतंच शिकलेलं सांगायच्या उत्साहात भरभर सांगू लागली. छातीला नळी लावून नीट ऐकायचं, घाई करायची नाही, आधी पुसायचं, ऊब द्यायची, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. हात लावून कळतं का? "हात लावून काईच कळत नाई, बाबा," ती म्हणाली. "जुने लोक तसंच करत. किती लेकरं तशीच गेली असन, कोणाले मालूम." मग ती थांबली आणि हे काऊन विचारून राह्यले म्हणाली. सशाचं, असं तो म्हणाला. ती हसली. आपल्याआधी कुणी होतं, हे तिला कधी सांगितलं नव्हतं.

पांढरी भरली होती. तिचे दिवस जवळ आले तसा हरिदास दुसऱ्याच कुणासारखा वागू लागला. संत्र्याची पेटी आणून त्यानं तिच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. बिरजूकडे पुन्हा गेला, त्याला खोदून खोदून विचारलं, बिरजू शेवटी कंटाळला. तणस आणलं, उन्हात वाळवलं, हातानं चुरून मऊ केलं. पिंजरा उचलून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणला तेव्हा नूतन म्हणाली की घरभर घाण वास होईल. पण तिनं डबे सरकवून जागा केली. पेटीवर त्यानं बल्ब टांगला. नूतननं तो काढून टाकला. एवढ्या गर्मीनं ती बाहेर लोळते, पेटीत जात नाही, तिचं तिला करू द्या, असं तिचं म्हणणं. आणि खरंच, बल्ब काढल्यावर पांढरी पेटीत शिरली. तोंडानं तणस इकडचं तिकडं करू लागली. मग मान वाकवून छातीचे केस उपटू लागली, घास घास, तोंड भरभरून, आणि खाली अंथरू लागली. तिची छाती उघडी पडत चालली, आत गुलाबी कातडं दिसू लागलं. हरिदास जमिनीवर उकिडवा बसून बघत होता. त्याच्या पाठीमागे नूतन भाजी चिरत होती. तिचा विळीचा आवाज मध्येच थांबला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

पिल्लं सकाळी झाली, पेटीतच झाली, आणि पांढऱ्या केसांचा तो ढीग आतून हलू लागला. तो दर तासाला हात घालून बघायचा. गरम होती. ड्यूटीवरून फोन करून विचारायचा. नूतन सांगायची, आहे गरम, तुम्ही ट्रक मोजा.

तीनचार दिवसांनी, सुटीच्या दिवशी, तो सकाळी उठून कोपऱ्यात गेला तर एक पिल्लू पेटीच्या बाहेर होतं. आचळाला धरून आईबरोबर ओढलं गेलं असणार. रात्रभर गार फरशीवर पडलेलं. त्यानं उचललं. कडक नव्हतं, पण गार होतं, आणि मानेला जोर नव्हता. त्यानं घाई केली नाही. सदऱ्याची बटणं काढली, बनियन वर केली आणि ते पोटाशी लावलं. पोट आत ओढलं गेलं, इतकं ते गार. मग तो मागच्या अंगणात खाट टाकून उन्हात बसला, वरून दोन्ही तळहात धरून.

नूतननं चहा आणून दिला, तो त्यानं घेतला नाही. ती जरा वेळ उभी राहिली. मग सुपात तांदूळ घेऊन पलीकडे पायरीवर बसली आणि निवडू लागली. पेरूवर ऊन आलं. शेजारच्या क्वार्टरात कुणीतरी धुणं आपटत होतं. हरिदासचं सगळं अंग आता पोटावरच्या त्या तेवढ्या जागेत गोळा झालं होतं. आधी ती जागा गार होती, मग तिथं काही कळेनासं झालं, मग हळूहळू तिथून ऊब परत येऊ लागली. त्यानं श्वास रोखला, म्हणजे आपलं हलणं आणि त्याचं हलणं वेगळं कळावं. काही हललं नाही. पुन्हा वाट पाहिली. पुन्हा. दुधावर साय धरावी तशी एक आशा पुन्हा पुन्हा धरत होती आणि फाटत होती. शेवटी त्यानं पिल्लू बाहेर काढून तळहातावर ठेवलं. ते रसरशीत दिसत होतं, गुलाबी, कालच्याइतकंच. त्यानं अंगठ्यानं त्याची छाती चोळली. मान एका बाजूला पडली आणि तशीच राहिली.

"गरम झालं," तो म्हणाला. "पाह्य, पुरं गरम झालं."

नूतनचे हात सुपात चालू होते. "होते गरम," ती म्हणाली. "मेलेलं बी होते. आपल्या आंगाची गर्मी लागते त्याले."

"तुले कसं मालूम?"

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. मले मालूम हाय, असं म्हणाली आणि पुन्हा निवडू लागली. त्याला वाटलं, संपलं. पण मग ती सुपाकडेच बघत, रोजच्या आवाजात सांगू लागली, जणू हे कधीतरी सांगायचंच होतं आणि आज तांदूळ निवडता निवडता त्याची पाळी आली. लेकरू झालं तेव्हा रडलं नाही. आईनं पुसलं, चोळलं, तोंडात फुंकलं, पायांना धरून उलटं केलं. बाकीच्या बाया म्हणाल्या, बाई, आता राहू द्या. आईनं ते गुंडाळायला घेतलं तेव्हा नूतननं हात पुढं केला. असं देत नाहीत, बाया ओरडल्या. आईनं त्यांना मागच्या पडवीत पाठवलं आणि ते हिच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दोन गोधड्या घातल्या आणि स्वतः शेजारी पडून हिला मिठी मारली. रात्रभर दोघी तशाच राहिल्या, मधे ते. आई म्हणायची, हाललं का वो माय? ही म्हणायची, नाही. ते हळूहळू गरम झालं. ते गरम झालं तेव्हा हिला वाटलं, आता. आता रडेल. कोंबडा आरवला, फटीतून उजेड आला, ते गरमच होतं आणि हललं नाही. मग हिनंच आईला सांगितलं, घ्या.

"माह्या आंगावरून उचललं आन् तुमच्याजवळ आणून देल्लं," नूतन म्हणाली.

हरिदास तळहातावरच्या पिल्लाकडे बघत राहिला. शेतातून, दवातून, नाल्याच्या उतरणीवरून त्यानं जी ऊब नेली होती ती नूतनची होती. तिची आणि आईची. दोघींनी रात्रभर घातलेली ऊब त्या लुगड्याच्या तुकड्यात एवढा रस्ता पुरली होती. टाचेचं टोचणं त्यानं शोधून पाहिलं. उजव्या तळव्यात, जिथं ते इतके दिवस ठसठसत होतं, तिथं आता फक्त हे मऊ, गरम, मेलेलं पिल्लू होतं. त्याला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पाठ सैल झाली. पण ज्या जागेतून ते निघून गेलं तिथं दुसरंच काही येऊन बसलं. तो बाहेर शेकोटीशी बसला होता आणि आत दोन बाया एका लेकराला मधे घेऊन रात्रभर जाग्या होत्या, हे त्याला आज कळत होतं, केस पिकल्यावर.

तू मले काऊन सांगतलं नाई, असं त्यानं विचारलं. त्याला स्वतःचा आवाज लहान वाटला. ती म्हणाली, मले वाटे आईनं सांगतलं असन. मग थोडं थांबून म्हणाली, आन् तुम्ही विचारलं बी नाई. तिसऱ्या दिवशी तर गाडी धरली. त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तिनं सूप खाली ठेवलं. पदर झटकला. आणि मग ती त्याच्याकडे बघून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, म्हणाली, "कुठी ठेवलं होतं?"

त्याला हे अपेक्षित नव्हतं. तिला ठाऊक असेल असं तो धरून चालला होता. आईनं दाखवलं असेल, नाहीतर नानाजीनं. कुणीच दाखवलं नव्हतं. पुढं किती वर्षं ती त्या गावी जात राहिली, त्याच शेतातून सरपण आणलं, त्याच नाल्यावर धुणं नेलं, आणि कुठल्या जागेवर पाय पडतो आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती प्रत्येक ठिकाणी जपून पाय टाकत असेल का? तो बोलू लागला. त्याला भीती वाटली, की या दिवसांत आठवणीत इतकी भेसळ झाली आहे, आता खरं काय ते सापडेल का? पण बोलायला लागल्यावर रस्ता आपोआप पायाखाली आला. तुरीच्या खुंटांतून डावीकडे, मग बेहड्याचं झाड, मग उतरण.

"नाल्याच्या वरच्या आंगाले," तो म्हणाला. "पुराचं पाणी येत नाई तिथवर. नानाजीनं खोल खोदलं. मंग मी त्याले—"

"तिले," नूतन म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

"पोरगी होती," ती म्हणाली. "डोक्यावर हे एवढे केस होते. तुम्हाले हे बी नाई मालूम?"

त्यानं मान हलवली. शेजारचं धुणं थांबलं होतं. त्यानं हातातलं पिल्लू खाटेवर, उन्हात, आपल्या रुमालावर ठेवलं, आणि हात मोकळे झाल्यावर त्याला कळेना ते कुठे ठेवावेत. नूतन पायरीवरून उठली आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. खाट करकरली. त्याला घाई करायची नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घरापासून. "आईनं तिले माह्या हातात देल्लं," तो म्हणाला. "मी तिले घेऊन नानाजीच्या मागं निंघालो. लई धुकं होतं. तिच्या आंगावर दव पडू नये म्हणून मी वरून दुपट्टा घेतला." हे त्याला आत्ता आठवलं होतं, आणि हे खरं होतं.

"मंग?" नूतन म्हणाली.